गासाचा बेस

"खोक्यावर काय छापलंय ते मला दाखवू नकोस," टॅक्सीच्या मागच्या दारातून डोकं बाहेर न काढताच गासा म्हणाला. "खोक्यावर लोक काहीही छापतात. यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरात काय आहे ते वाच."

लुंगानीनं तरीही खोका पुन्हा एकदा फिरवून पाहिला. पाच हजार वॅट असं लिहिलं होतं आणि आकड्याभोवती ज्वाळा काढल्या होत्या. आमच्या उम्लाझी वस्तीत ड्रायव्हर लोक अँप्लिफायर घेतात ते त्या ज्वाळा बघूनच. मग त्यानं यंत्र उलटं करून डोळे बारीक केले.

"चार ओहमला सातशे, दोन ओहमला बाराशे. पुढं काहीच नाही, बाबा."

"पुढं काही नसतंच. तिथं ते मरतं."

मी कुंपणाच्या अलीकडे पालकाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसलो होतो. मी झोंडी, गासाचा शेजारी. तण काढायचं निमित्त होतं, खरं तर मी बघत होतो. दहा महिन्यांत गासाच्या अंगणात कामाला आलेली ही पहिलीच गाडी.

एकेकाळी शनिवारी त्याच्या फाटकापासून खाली चर्चपर्यंत टॅक्स्या, म्हणजे पंधरा सीटांच्या व्हॅन, उभ्या असायच्या. शाळेची पोरं आमच्याकडे आलेली पहिली टॅक्सी कधी पकडत नाहीत. ज्या टॅक्सीतल्या गाण्याचा बेस, म्हणजे खालचा घुमणारा ठोका, चांगला, तिची वाट बघत उन्हात उभी राहतील, शाळेला उशीर झाला तरी चालेल. त्यामुळे ज्याचा बेस बसका त्याची गाडी रिकामी फिरते. गासा वीस वर्षं लोकांचे बेस बसवत होता. त्याच्या हातचा बेस ओरडायचा नाही. गाडी टेकडीच्या पलीकडे असतानाच आपल्या पोटाला कळायचं, आणि माझी बायको म्हणायची, हा गासाचा.

मग जुलैत त्याची बायको नोमुसा गेली. त्याच्या बाहीवर काळी पट्टी शिवली गेली आणि अंगणातला आवाज बंद झाला. सुतकात रेडिओसुद्धा लावत नाहीत, तिथं बेसचे मोठे स्पीकर, सबवूफर, कोण वाजवणार? आणि सुतकातल्या माणसाच्या हातची गाडी रस्त्यावर न्यायची कुठल्याच ड्रायव्हरची छाती नाही. सावट लागतं म्हणतात. अपघात व्हायला आमच्या रस्त्यांना सावटाची गरज नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तरी कोणी आलं नाही. दुसऱ्यांचं कशाला सांगू, मीच दहा महिन्यांत कुंपणावरून त्याला हात दिला नव्हता. माझ्या सुनेला दिवस गेले होते, असं मी स्वतःला सांगायचो. नातू झाला, बसायला लागला, तरी मी तेच सांगत होतो.

त्या दिवशी टॅक्सी घेऊन आली होती मा सिबिया. वरच्या गल्लीतल्या म्खिझेची बायको; आमच्यात लग्नानंतरही बाईला माहेरच्या नावानंच हाक मारतात. म्खिझे जूनच्या सुरुवातीला हृदयविकारानं गेला होता, त्यामुळे ती डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत होती. विधवेचं सुतक वर्षभराचं असतं, ते आता तीन आठवड्यांनी फिटणार होतं. त्या दिवसापासून म्खिझेची टॅक्सी लुंगानी या तरण्या ड्रायव्हरनं चालवायची असं ठरलं होतं. पण अँप्लिफायर जळालेला होता, आणि विधवेच्या गाडीला हात लावायला एकही दुकानदार तयार नव्हता. म्हणून ती सुतकातल्याच माणसाकडे आली. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

"एक ओहमवर लावा ना," लुंगानी म्हणाला. "सगळे लावतात."

"लावतात. आणि महिन्याभरात जळका वास घेऊन माझ्याकडे येतात." गासा थांबला. "यायचे."

तो बाहेर आला, पायरीवर बसला आणि मातीत काडीनं रेघा ओढू लागला. साठी ओलांडलेला, उंच, पाठीत जरा वाकलेला माणूस. दहा महिन्यांत त्याला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"हे बघ. ओहम म्हणजे अडवणूक. स्पीकर जेवढं कमी अडवेल, तेवढं यंत्राला जास्त ओढावं लागतं. तुझं यंत्र दोनच्या खाली ओढू शकत नाही. म्खिझेचे हे दोन सबवूफर, प्रत्येकात दोन कॉइलं, तारेच्या गुंडाळ्या, प्रत्येक कॉइल चार ओहमचं. चारही शेजारी शेजारी जोडली तर एक ओहम. यंत्र पहिल्या गाण्यातच लाल दिवा दाखवेल, दुसऱ्यात धूर. त्याऐवजी एका सबवूफरची दोन कॉइलं एकामागे एक जोडायची, दुसऱ्याचीही तशीच, आणि मग ते दोन सबवूफर शेजारी. झाले चार. दोन ओहम या जोडीत होतच नाहीत. म्हणून चार."

"चारवर नुसते सातशे वॅट. सबवूफर बाराशे खातात."

"उपाशी राहतील थोडे. पण जगतील."

"पोरं काय म्हणतील? म्हातारीची गाडी म्हणतील."

"म्हातारी इथंच बसलीय," मागच्या सीटवरून मा सिबिया म्हणाली.

लुंगानीनं जीभ चावली. मला कुंपणाआड हसू आलं.

गासाचं जवळचं दिसणं कमी झालं होतं, म्हणून मीटरचे आकडे वाचायचं काम तिच्याकडे आलं. आधी कॉइलं मोजली. "तीन पॉइंट सहा... सात... सहा... सहा," ती सांगत गेली. चारचं कॉइल मीटरवर थोडं कमीच दाखवतं, तेव्हा चारही शाबूत होती. नवरा जाऊन वर्ष होत आलं तरी त्याचे स्पीकर शाबूत आहेत हे ऐकून तिनं नाक ओढलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

मग गासानं तारा जोडल्या, सबवूफरची मुख्य तार मोकळी ठेवून यंत्र चालू केलं, आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं यंत्राच्या कडेचा स्क्रू हळूहळू फिरवू लागला. यंत्रानं किती जोर द्यायचा ते त्या स्क्रूवर ठरतं.

"चाळीस व्होल्ट," मा सिबिया म्हणाली. "सेहेचाळीस. पन्नास. बावन्न. बावन्न पॉइंट आठ."

"बास. सातशे वॅट झाले."

त्यानं तिला जवळ बोलावून स्क्रू दाखवला. "हा इथंच राहायला हवा. आवाज कमी वाटला म्हणून कोणी हा पुढं फिरवला तर आवाज वाढत नाही, फाटतो. फाटक्या आवाजानं कॉइल तापतं. लोकांना वाटतं मोठ्या अँपनं स्पीकर मरतो. तसं क्वचित होतं. छोट्या अँपला त्याच्या ताकदीबाहेर ओरडायला लावलं की स्पीकर मरतो."

"कळलं," ती म्हणाली.

"लुंगानी, तुलाही कळलं ना?"

"हो हो."

इथवर सगळं मुक्यानं होतं, त्यात नवल नाही. पण यानंतर कोणीही माणूस मुख्य तार जोडतो आणि एक गाणं लावतोच. त्यासाठीच तर हे सगळं करायचं असतं. गासानं तार जोडली, आवळली, झाकण लावलं आणि हात पुसले.

"एकदा तरी वाजवा, बाबा," लुंगानी म्हणाला. "अगदी हळू."

गासा तारांचे तुकडे वेचायला बसला. लुंगानीनं मा सिबियाच्या काळ्या कपड्यांकडे पाहिलं, मग गासाच्या बाहीकडे. "दोघंही सुतकात. बरी जोडी मिळालीय मला."

"तू सबवूफरच्या जोडीकडे बघ," मा सिबिया म्हणाली.

"नाही, पण बाबा, तुमची मुदत तर सहा महिन्यांची ना? आता दहावा लागला. कात्री घ्या आणि काढून टाका ती पट्टी. कोण बघतंय?"

गासा तारांचे तुकडे वेचत होता. ते सगळे त्यानं वेचून डब्यात टाकले.

"कापायला मला काय लागतं, मी रोज तारा कापतो," तो म्हणाला. "पण ती घरच्या माणसानं काढायची असते. काढताना तो म्हणतो, झालं, ती गेली, आता तू माणसांत ये. हे मी माझं मला कसं म्हणू?"

लुंगानी गाडीच्या चाकाकडे बघत राहिला. मी तण उपटायच्या नादात पालकाचं एक रोप उपटून बसलो.

गासाच्या घरचा माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ झेफानिया, त्याला वेला या नावानं हाक मारणारा एकटाच. तो वर नोंगोमाला असतो, चार तासांची वाट. गासा कुळातलं दुसरं वडीलधारं कोणी उरलेलं नाही, आणि मूलबाळ गासा-नोमुसाला झालंच नव्हतं. झेफानिया जानेवारीत येतो म्हणाला होता, तेव्हा पावसानं रस्ता गेला. मग ईस्टरला येतो म्हणाला, तेव्हा त्याचा गुडघा धरला. गासा फोन स्पीकरवर टाकून अंगणात फेऱ्या मारत बोलतो, त्यामुळे ही सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत. झेफानिया वाईट माणूस आहे असं मला म्हणायचं नाही. त्याच्या घरी गुरं आहेत, नातवंडं आहेत, रोज दहा माणसं फाटकातून आत येतात. अशा माणसाला एकटं असणं म्हणजे काय ते कळत नाही, एवढंच.

मा सिबियाच्या सुतक फिटण्याच्या कार्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, पुन्हा फोन झाला.

"दादा, मी बकरा बघून ठेवलाय. तुम्ही नुसते या."

"अरे वेला, मी काय नाही म्हणतोय का? पण मे सरत आला, थंडी सुरू. माझी छाती तुला माहीत आहे."

"टॅक्सीनं आणतो तुम्हाला. पुढची सीट देतो."

"डिसेंबरात बघू. पोरंही घरी असतात. सगळे मिळून येऊ, दणक्यात करू."

"डिसेंबरात," गासा म्हणाला.

"एवढे दिवस काढलेस, आणखी थोडे. पट्टी काय जड आहे का?"

"नाही, दादा. जड नाही."

फोन बंद झाल्यावरही तो तसाच उभा होता. हाक मारावी असं मला फार वाटलं. घरात बायकोनं जेवायला बोलावलं आणि मी गेलो.

शनिवारी मा सिबियाकडे अख्खी गल्ली लोटली. पहाटेच तिचे काळे कपडे जाळले होते. निळ्या फुलांचा नवा झगा घालून ती बाहेर आली तेव्हा बायकांनी आनंदानं किलकाऱ्या मारल्या, आणि थोरल्या म्खिझेनं, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या काकानं, पितरांना हाका मारून सांगितलं की या घराचं सुतक फिटलं. मांस शिजत होतं, बायका मक्याच्या पिठाचं पुथू ढवळत होत्या, आंबिलीसारख्या आंबट बिअरचं मडकं हातोहात फिरत होतं. मी सावलीत चांगली खुर्ची पकडली होती.

मग लुंगानीनं टॅक्सी मागं घेत घेत फाटकासमोर आणली, मागचं दार उघडलं आणि गाणं लावलं.

वर्षभरानं त्या घरात आवाज आला. पहिल्या ठोक्याला माझ्या खुर्चीचे पाय जमिनीत रुतल्यासारखे वाटले. पोरं नाचायला लागली, म्हाताऱ्याही उठल्या. आवाज मोठा नव्हता, पण गोल होता. माझी बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "गासाचा," आणि मग तिनं खाली आमच्या गल्लीकडे बघितलं.

दोन गाणी झाल्यावर खालच्या गल्लीतली दोन पोरं लुंगानीला चिडवू लागली. "एवढंच का? आमच्या शाळेची घंटा याहून मोठी वाजते." लुंगानी हसला, पण त्याचा चेहरा पडला. सोमवारी हीच पोरं त्याच्या थांब्यावर उभी राहणार होती. तो गाडीच्या मागं गेला, सीटखालच्या यंत्रापाशी वाकला आणि परत आला. पुढच्या गाण्याचा बेस फाटका लागला. आमच्यातल्या कित्येकांना तो मोठाच वाटला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला ते बरोबर वाटलं नाही, पण मी मडकं हातात धरून बसलो होतो, आणि दुसऱ्याच्या कार्यात कशाला बोला.

तेव्हा गासा फाटकात दिसला.

त्याच्या घरून इथवर खडा चढ आहे. तो धापा टाकत होता. खाली बसून ऐकलं असणार त्यानं, फाटल्याबरोबर कळलं असणार. सुतक फिटलेल्या घरात सुतकातला माणूस पाऊल टाकत नाही, त्याच दिवशी तर मुळीच नाही. तो फाटकाच्या बाहेर, उंबऱ्याच्या दगडापासून हातभर लांब उभा राहिला. त्यानं कोणाला हाक मारली नाही. नुसता हात वर केला आणि पंजा पालथा करून हळूहळू खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. काही जणांना वाटलं तो नमस्कार करतोय. एक बाई कुजबुजली, "याला आज लाज नाही का?" आणि तिनं आपलं पोर जवळ ओढलं.

मा सिबिया पातेल्यापाशी होती. तिनं त्याचा हात पाहिला. मांस कापायच्या फळीवरची बारीक सुरी तिनं उचलली आणि सरळ टॅक्सीच्या मागं गेली.

"मावशी, काय करता? आत्ता कुठं रंग चढलाय," लुंगानी आडवा आला.

"माझ्या नवऱ्याचे स्पीकर आहेत. सरक."

नव्या झग्यात ती गुडघ्यांवर बसली, सीटखाली वाकली, आणि सुरीचं टोक स्क्रूत घालून मान वळवून फाटकाकडे बघत राहिली. गासाचा पंजा खाली. तिनं थोडं फिरवलं. पंजा अजून खाली. आणखी थोडं. त्यानं बोटं आत घेऊन मूठ मिटली. तिनं सुरी काढली.

बेस पुन्हा एकसंध झाला. दारातून तापलेल्या कॉइलच्या जळक्या लाखेचा बारीक वास आला होता, तो वाऱ्यावर विरला. गासानं मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. मला वाटतं ते गाणं त्यानं पूर्ण ऐकलं. दहा महिन्यांनी तो आपला आवाज ऐकत होता, आणि आपणच बसवलेला.

थोरला म्खिझे काठी टेकत फाटकाकडे गेला, आणि चार पावलं अलीकडे थांबला.

"कोणाचा तू?"

"गासा. खालच्या गल्लीतला. गाडीचं काम मी केलंय, बाबा. जळलं असतं म्हणून आलो. माफ करा."

म्हातारा त्याच्या बाहीकडे बघत होता. उन्हानं पट्टीचा काळा रंग तपकिरी झाला होता. "किती दिवस आहे ही?"

"जुलैपासून."

"आता मे संपतोय." म्हाताऱ्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "घरचं कोणी नाही का रे?"

"आहे ना. थोरला भाऊ आहे, नोंगोमाला." गासा हसला. इतका नीट हसला की शुक्रवारचा फोन ऐकला नसता तर मीही विश्वास ठेवला असता. "उद्या येतोय. रविवारी."

"मग ठीक आहे," म्हातारा म्हणाला आणि परत फिरला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मा सिबियानं एका ताटलीत मांस आणि पुथू वाढून घेतलं. ती फाटकापर्यंत गेली, तिचा हात पुढे व्हायला लागला होता. मागून तिची नणंद म्हणाली, "वहिनी, आजच फिटलंय तुमचं." तिचा हात थांबला. तिनं ताटली फाटकाशेजारच्या कठड्यावर ठेवली.

"बाबा गासा," ती म्हणाली, "बावन्न पॉइंट आठवरच ठेवीन."

"ठेवा," तो म्हणाला. ती आत वळून पातेल्यापर्यंत पोचेस्तोवर तो थांबला, मग त्यानं ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि उतार उतरायला लागला. मला उठून जाता आलं असतं. चढ-उताराची वाट मिळून चालायला काही सुतक लागत नाही. मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमधून आलो तेव्हा गासाचं अंगण झाडलेलं होतं. खराट्याच्या रेघा फाटकापर्यंत सरळ गेलेल्या होत्या. त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बाहीवर पट्टी, आणि दारासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर तो बसला होता. दुसरीवर उशी ठेवली होती, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला लागते म्हणून.

वरच्या गल्लीतली माणसं उतारावरून जाताना फाटकातून आत बघायची, कालचं बोलणं ऐकलेली. "यायचेत अजून?" एकानं विचारलं.

"वाटेत असतील," गासा म्हणाला.

दुपारी मी दोनदा कुंपणाशी गेलो आणि दोनदा परत आलो. ऊन टेकडीमागं गेलं, रस्त्यावर बघणारं कोणी उरलं नाही, तेव्हा तो उठला. त्यानं उशी झटकली, काखेत धरली, आणि दोन्ही खुर्च्या एकेक करून आत नेल्या.